बुडालेल्या जहाजाचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, झाडच नव्हतं. नुसता बर्फ. तरी जंगलच म्हणायचं, कारण राज्य प्राण्यांचं होतं.

तिथं समुद्राच्या तळाशी माणसांचं एक जुनं जहाज पडलं होतं. कप्तानाच्या खोलीत एक किटली होती आणि किटलीत भामाकाकूंची अंडी. भामाकाकू म्हणजे ऑक्टोपस. अन्नपाणी सोडून बाई त्या अंड्यांची राखण करत बसल्या होत्या.

एकदा माशाच्या मागे लागलेला दाजीबा पेंग्विन जहाजावर आपटला.

"सापडलं!" तो ओरडला. "हरवलेलं जहाज सापडलं!"

"हरवलं कधी होतं?" काकू म्हणाल्या. "मी तर इथंच राहते."

पण दाजीबा ऐकायला थांबतोय कशाला? वर जाऊन त्यानं गावभर केलं. झालं. काल ज्यांना जहाज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यांचा आज ऊर भरून आला. एकाचे पणजोबा म्हणे त्याच जहाजाचं सुकाणू धरून होते. दुसऱ्याच्या भावना दुखावल्या. कशानं, ते तो उद्या सांगणार होता.

आता पेंग्विनांत एक रीत आहे. जीव जडला की खडा द्यायचा. त्यांची लग्नंसुद्धा खड्यावर ठरतात. तेव्हा प्रत्येकानं जहाजाला एक खडा वाहायचा असं ठरलं.

खडे पडू लागले. डेक दिसेनासा झाला. खोलीचं दार बुजत आलं. काकूंनी फटीतून एक हात बाहेर काढून हलवला.

"अहो दाजीबा, आत माझी लेकरं आहेत हो."

"काकू, इतिहासापुढे घरगुती रडगाणं नको," दाजीबा म्हणाला आणि त्यानं चांगला थोरला खडा सोडला.

काकूंनी किटली कवटाळली आणि उरल्यासुरल्या फटीतून कशाबशा बाहेर पडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सगळे जहाज बघायला आले, तर तिथं खड्यांची टेकडी. जहाज चोरीला गेलं असा बोभाटा झाला. शोधपथक निघालं, पुढे अर्थात दाजीबा. एका कपारीत त्याला काकू दिसल्या, आणि त्यांच्या आठ हातांत किटली.

"काकू, ही किटली ऐतिहासिक तर नाही ना?"

मागे सगळ्यांच्या चोचीत खडे तयारच होते. किटलीत अंडी नुकती हलायला लागली होती.

"छे हो," काकू म्हणाल्या. "माझ्या माहेरची आहे. पोचा आलाय, टाकूनच देणार होते."

"अस्सं होय," दाजीबा हिरमुसला. पथक पुढे गेलं.

ते दिसेनासं झालं, तेव्हा किटलीच्या तोटीतून पहिलं पिल्लू बाहेर आलं.

तात्पर्य: वारसा जपायचा असेल, तर तो वारसा आहे हे कुणाला कळू देऊ नये. कुणी विचारलंच, तर पोचा दाखवावा.