काकांचं पुण्यवान तळं

"आमचं तळं म्हणजे मुलुंडचं काश्मीर!" सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोरकाका म्हणाले आणि ऋता फसली. तिथेच फसली बघा!

बिचारीचा एमएस्सीचा प्रोजेक्ट होता. पाण्यातले बारीक जीव बघायचे आणि त्यावरून पाणी किती सडलंय ते सांगायचं. सडकी तळी काय, मुंबईत म्हणाल तिथे! अडलं होतं ते तुलनेसाठी लागणाऱ्या स्वच्छ पाण्यापाशी. काकांच्या तळ्याला कारंजं होतं, बदकाची बोट होती, काकांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. माणूस आणखी काय बघणार?

ऋताने जाळीतून पाणी गाळलं, थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. सगळीकडे रोटिफर! खरकटं, खत मिळालं की माजणारे कणभर जीव. आणि चांगल्या पाण्यातली टपोरी पाणपिसू? औषधालाही नाही.

"काका, तळ्यात काय काय टाकता हो?"

"घाण? छ्या! फक्त कणकेच्या गोळ्या, माशांना. पुण्य असतं गं. मग निर्माल्य. आणि संकष्टीचे उरलेले मोदक, तेवढेच."

"आणि बागेतलं खत वाहून येतं ते?"

"अगं, खत म्हणजे पौष्टिकच की!"

"पाणी सडतंय त्याने, काका!"

"काय सडतंय? तूच म्हणालीस ना, थेंबाथेंबात जीव वळवळतायत? सडक्या पाण्यात कोण राहील?"

दुसऱ्या दिवशी गेटवर बॅनर. 'आपले तळे, जिवंत तळे!' खाली हात जोडलेले काका, तळ्यापेक्षा मोठे.

इकडे कॉलेजात इरावती मॅडम तापल्या. "स्वच्छ पाण्याचे दोन नमुने, आठवड्याच्या अंतराने. नाहीतर सरळ पुढच्या वर्षी ये."

"वाट लागली यार," ऋता मुकुलला म्हणाली. मुकुल तिचा वर्गमित्र, राहायला त्याच सोसायटीत.

"मग शेजारच्या खड्ड्यातलं घे ना."

बिल्डर पाया खणून पळाला होता आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं होतं. 'गलिच्छ, अपशकुनी' म्हणून तिथे कोणी फुलाची पाकळीसुद्धा टाकत नव्हतं. ऋताने थेंब बघितला आणि ओरडलीच! पाणपिसवा, गलेलठ्ठ, मजेत पोहणाऱ्या! पहिला नमुना झकास.

आता गप्प बसावं ना? पण नाही. काकांचं नाक ठेचायची खुमखुमी. गेली सरळ ऑफिसात.

"काका, तुमच्या काश्मीरपेक्षा तो खड्डा स्वच्छ आहे! माझ्याकडे पुरावा आहे."

काका लाल झाले, मग मान डोलवायला लागले. ऋताला वाटलं, जिरली!

आठवड्याने ती बाटली घेऊन खड्ड्यावर गेली, तर भोवतीच्या कुंपणाचे पत्रे बाजूला सारलेले. काठावर अख्खी सोसायटी, प्रत्येकाच्या हातात कणकेच्या गोळ्यांचा डबा. मधोमध काका, गळ्यात हार.

"ये ये, ऋता! तुझ्यामुळे कळलं बघ. म्हटलं, एवढं चांगलं पाणी आणि पुण्याविना पडून राहिलंय!"

"काका, इथे मासेच नाहीत हो!" ऋता रडवेली झाली.

"सकाळीच सोडले ना, बादल्या भरभरून! पाण्यात काहीतरी बारीक वळवळत होतं, ते बघताबघता साफ केलं त्यांनी. आता भुकेलेत बिचारे."

काकांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि तळहातावर कणकेचा गोळा ठेवला.

"टाक. पहिला मान तुझा."