अरादपर्यंत पाय उचलायचा नाही

देवळाजवळच्या दुकानातून आणलेला मोगऱ्याचा हार.

अपघातात चेपलेल्या फियाटचं इंजिन.

आखातातल्या माहूजच्या घरमालकाचा निरोप: आज अंगण मोकळं झालं नाही, तर उद्या भंगारवाला येईल.

वाहनपूजेसाठी नेसलेला, लग्नातला लाल शालू.

समुद्र. दोन्ही बाजूंना.

या सगळ्याच्या मधोमध शुभदा बसली होती आणि तिचा उजवा पाय ब्रेकवर होता.

नवऱ्याने, म्हणजे शरच्चंद्रने, तीन वर्षं खपून अंगणात बांधलेली ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार. छप्पर नाही, पुढची काच नाही, हँडब्रेक अजून बसवायचा. ती ट्रेलरवर चढवून, पिकअपला जोडून अरादला ताहिरच्या गॅरेजात न्यायची होती. वाटेत पूल.

"दोर बांधलाय ना? मग मी कशाला?" शुभदाने निघताना विचारलं होतं.

"दोर ढिला झाला तर गाडी मागच्या मागे पाण्यात. तू नुसता पाय दाबून बस. अरादपर्यंत उचलायचा नाही."

"आणि मीच पाण्यात गेले तर?"

"पाय दाबलेला असला तर कशी जाशील?"

पिकअपचा ड्रायव्हर बाळाजी मालवणकडचा. तो म्हणाला, "वहिनीनू, घाबरू नकात. मी हळूच नेतंय. रवळनाथाक गाऱ्हाणा घातलंय."

ड्रायव्हरलाच गाऱ्हाणं घालावं लागतंय म्हटल्यावर शुभदाने सीट घट्ट धरली. अंगातलं सगळं बळ तिने उजव्या पायात गोळा केलं.

जुफैरच्या फाट्याजवळ मागून एका टॅक्सीने हॉर्न दिला. मग दुसऱ्या गाडीने. मग चार-पाच गाड्यांनी एकदम. शुभदाला वाटलं, दोर सुटला! वळून बघावं तर पाय हलणार. तिने मान ताठ ठेवून सत्यनारायण बोलला.

पिकअपची मागची काच उघडी होती. आतलं बाळाजीचं आणि शरच्चंद्रचं बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"सायबानू, मागे कायतरी सुटलासा वाटता!"

"थांबू नकोस! थांबलास तर हिसका बसेल. चल, यल्ला!"

बाळाजीने वेग वाढवला. हॉर्नवाल्यांनीही वाढवला.

पूल आला.

डावीकडे पाणी.

उजवीकडे पाणी.

सत्यनारायण दोन झाले.

इतक्यात एक गाडी अगदी शेजारी आली. खिडकीतून अर्धी बाहेर आलेली एक बाई शुभदाकडे बघून जीभ हलवत "लूलूलूलू" असं ओरडू लागली. एरवी अरबी लग्नघरातला तो आनंदाचा आवाज शुभदाने लगेच ओळखला असता. आता तिला ती किंकाळीच वाटली. त्या बाईला आपलं मरण दिसतंय! शुभदाने डोळे मिटले, पाय दाबला आणि तिसरा सत्यनारायण बोलून टाकला.

अराद आलं. पिकअप थांबली. मागे आठ गाड्या थांबल्या. 'लूलू'वाल्या खदिजाबाई उतरल्या आणि त्यांनी मूठभर चॉकलेटं शुभदाच्या डोक्यावर उधळली.

"मबरूक! दुल्हन बहोत डरता है! दुल्हा किधर?"

लाल शालू, हार घातलेली गाडी. अख्खी वरात मागे लागली होती, आणि घाबरलेली नवरी बघून लोकांना आणखीच उत्साह आला होता.

पिकअपमधून शरच्चंद्र उतरला. बनियन, त्यावर ग्रीसचे हात पुसलेले. खदिजाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ये?"

"हां," शुभदा म्हणाली. "ग्यारह साल से."

खदिजाबाईंनी आणखी एक मूठ चॉकलेटं तिच्या ओटीत टाकली.

बाळाजी ट्रेलरखालून ओरडला, "दोर जागच्या जागी आसा!"

"दोराचं काय सांगतोस?" शरच्चंद्र म्हणाला. "हिच्या पायाने गाडी राखली. शुभदा, उचल आता."

"उचलत नाहीये."

शेवटी दोघांनी मिळून तिला उचललं. पुढे कुठल्याही हळदीकुंकवाला शुभदा हा प्रसंग पायाच्या हालचालीसकट सांगायची, आणि शरच्चंद्र शेजारी उभा राहून मान डोलवायचा.

ज्याच्याशिवाय ब्रेक लागतच नाही, ते ब्रेकचं ऑइल त्या गाडीत पहिल्यांदा भरलं गेलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुट्टीत.