उणे सव्वीस अंशांत माझी तांबडी

हिवाळ्यासाठी स्पोर्ट्स कार कशी तयार करायची, हे आमच्या पंचक्रोशीत एकाच माणसाला नीट ठाऊक आहे, आणि तो माणूस म्हणजे मी. आजवर मला कुणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मी इल्पो. फिनलंडच्या या तळ्याकाठच्या गावात एकोणीस वर्षं चर्चचा ऑर्गन वाजवतोय, गायकवृंदही मीच सांभाळतो. सगळे मला मास्तर म्हणतात. मास्तराला शोभेल अशी एक करडी, चौकोनी, चपलेच्या खोक्यासारखी गाडी माझी बायको हिल्का चालवते. माझी गाडी तांबडी आहे. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीपासून वीतभर उंच, आणि आवाज असा की ऑर्गनची सगळ्यात जाड नळी तिच्यापुढे खोकल्यासारखी वाटावी.

आमच्याकडे असल्या गाड्या ऑक्टोबरात अस्वलासारख्या झोपवतात. वर पांघरूण घालायचं आणि मे महिन्यात उठवायचं. मला हे कधीच पटलं नाही. देवानं गाडी दिली ती काय पांघरूण घालायला?

"मास्तर," शेजारचा तौनो म्हणाला, "ही गाडी बर्फात काढणं म्हणजे कॅनरी पक्षी नांगराला जुंपणं." तौनो ट्रॅक्टरनं गावातला बर्फ ढकलतो. बारा टनांखालची कुठलीही वस्तू त्याला खेळण्यातली वाटते.

"तू बघच," मी म्हणालो.

आणि मग, नोव्हेंबरच्या एका सोमवारी, गायकवृंदाच्या बावीस माणसांसमोर मी ती घोषणा केली. नाताळाआधीच्या आमच्या कार्यक्रमाला राजधानीतून इन्केरी साल्मेला गायला येणार होत्या. एवढी मोठी गायिका आमच्या गावात पहिल्यांदाच येत होती, आणि त्यांनी होकार द्यावा म्हणून मी दोन वर्षं पत्रं लिहिली होती. अडतीस किलोमीटरवरच्या स्टेशनवरून त्यांना कोण आणणार, असा प्रश्न निघाला.

"मी आणणार," मी म्हणालो. "तांबडीतून. थर्मामीटर फुटला तरी."

हिल्का दुसऱ्या ओळीत बसते. तिनं फक्त गाण्याच्या वहीचं पान उलटलं. तेवीस वर्षांच्या संसारात मला तिच्या पान उलटण्याचे अर्थ कळायला लागले आहेत. त्या दिवशी मी दुर्लक्ष केलं.

तयारी मात्र अशी केली की बघत राहावं. चारी चाकांना खिळ्यांचे टायर. नवी बॅटरी. इंजिन गरम ठेवणारी विजेची कांडी, तिला टायमर, म्हणजे निघायच्या दोन तास आधी ती आपोआप चालू. दाराच्या आणि खिडक्यांच्या रबरांना मी कापसानं ग्लिसरीन चोळलं, तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं. या गाडीचं मागचं बूड हलकं. बर्फावर ते नाचऱ्या पोरीसारखं कुठंही वळतं. त्यावर उपाय म्हणून सगळे वाळूची पोती टाकतात. मी चर्चच्या माळ्यावरची भजनांची जुनी पुस्तकं टाकली. नव्वद प्रती, सगळ्या कातडी बांधणीच्या.

"कुणाच्याच मागच्या चाकांवर इतकी भक्ती नसेल," मी तौनोला म्हणालो.

"लागणारच आहे," तौनो म्हणाला.

राहता राहिलं काच धुवायचं पाणी. साधं पाणी आमच्याकडे काचेवर पडायच्या आत गोठतं. म्हणून पेट्रोलपंपावर स्पिरिट घातलेलं हिवाळी पाणी मिळतं, आपापला कॅन नेऊन नळाखाली धरायचा. यंदाचं गडद जांभळ्या रंगाचं होतं. माझ्याकडे कॅन नव्हता. तळघरात हिल्कानं ऑगस्टमध्ये आणलेले दोन नवे कोरे पांढरे कॅन होते. यंदा ब्लॅककरंटच्या आंबट, जांभळ्या फळांनी झुडपं इतकी लगडली होती की रस भरायला बाटल्या पुरल्या नाहीत, म्हणून एका कॅनमध्ये तिनं रस भरला होता. दुसरा रिकामाच होता. मी तो नेला, भरला आणि आणून फडताळावर पहिल्याच्या शेजारी ठेवला. आता तुम्ही म्हणाल, त्यावर चिठ्ठी का नाही चिकटवली? घर माझं, तळघर माझं, मी चिठ्ठ्या काय म्हणून चिकटवू?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी उणे सव्वीस. मला तर आनंदच झाला. उणे आठमध्ये कुणीही गाडी चालवेल.

हिल्का वरून ओरडली, "इल्पो, रसाचा कॅन माझ्या गाडीत ठेवशील? तालमीच्या मध्यंतरात सगळ्यांना गरम करून द्यायचाय. डावीकडचा."

मी जिना उतरलो आणि डावीकडचा कॅन तिच्या गाडीत ठेवला. उजवीकडचा माझ्या तांबडीच्या काच धुवायच्या टाकीत ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत. रंग बरोबर, जांभळा. वास घेऊन पाहिला असता, पण नोव्हेंबरपासूनच्या सर्दीनं माझं नाक चष्मा ठेवण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचं नव्हतं. तळघराच्या जिन्यावरून दिसणारं डावं आणि फडताळासमोर उभं राहिल्यावरचं डावं, ही दोन वेगळी डावी असतात, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही.

हिल्का दुपारी बाराला चर्चकडे गेली. मी एकला किल्ली फिरवली आणि तांबडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. कशी, तर जूनमध्ये होते तशी. तौनो रस्त्याकडेला ट्रॅक्टर थांबवून बघत होता. मी हात हलवला. त्यानं टोपी काढली नाही, पण थोडी सरकवली, एवढं मी शपथेवर सांगतो.

स्टेशनपर्यंतचा रस्ता मी असा काढला की त्यावर एखादी स्वररचना करावी. वळणांवर मागचं बूड जरासुद्धा हललं नाही. नव्वद पुस्तकं जागची हलली नाहीत.

इन्केरीबाई उंच, साठीच्या, पायघोळ पांढरा कोट आणि नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हीच का?"

"हीच," मी म्हणालो.

"माझी पेटी कुठं ठेवायची?"

पाठीमागे तर भजनं भरलेली. शेवटी झग्याची ती भली मोठी चपटी पेटी त्यांनी मांडीवर घेतली आणि तिच्या वरून बाहेर बघत बसल्या, न्यायाधीश बसतात तशा.

"मी थंडीत फार बोलत नाही. गळा," त्या म्हणाल्या.

"काही हरकत नाही. मी बोलतो," मी म्हणालो, आणि दहा किलोमीटर टायरांच्या खिळ्यांबद्दल बोललो.

मग समोरून लाकडांचा ट्रक आला. त्यानं आमच्या अंगावर मिठाच्या चिखलाची अशी चादर फेकली की समोरचं सगळं दिसेनासं झालं. मी शांतपणे म्हणालो, "आता पाहा हिवाळी पाण्याची करामत," आणि बटण दाबलं.

दोन दाट जांभळ्या धारा उडाल्या. काच क्षणभर रंगीत खिडक्यांच्या एखाद्या जुन्या चर्चसारखी सुंदर दिसली, आणि मग गोठली. वायपर अर्ध्यात आले आणि तिथंच चिकटून बसले, गोंदात पाय अडकलेल्या माशीसारखे. मी घाबरून पुन्हा बटण दाबलं. थर दुप्पट झाला.

चाचपडत गाडी कडेला घेतली. मी खरवडणी घेऊन उतरलो. आजवर कितीतरी बर्फ खरवडलाय, पण हा बर्फ ताणला जायचा. इन्केरीबाईही उतरल्या. त्यांनी हातमोजा काढला, काचेवर बोट फिरवलं आणि चाखलं.

"ब्लॅककरंट," त्या म्हणाल्या. "उत्तम आहे. साखर किंचित जास्त."

मी हसणार, तेवढ्यात मला डावीकडचा कॅन आठवला. रस जर माझ्या काचेवर होता, तर हिल्काच्या गाडीतून चर्चच्या सभागृहात काय गेलं होतं? स्पिरिटचं काच धुवायचं पाणी. ते आता पातेल्यात गरम होत असणार. तीन वाजता मध्यंतर. गायकवृंदाची बावीस माणसं, मुलांच्या वर्गाची चौदा पोरं आणि पाद्रीबुवा. घड्याळात सव्वादोन झाले होते.

माझा फोन घरी चार्जिंगला. इन्केरीबाईंच्या फोनवरून सभागृहाचा नंबर लावला, तो मला पाठ होता. वाजत राहिला, वाजत राहिला. सगळे तालमीला चर्चमध्ये. तिथं फोन न्यायचा नाही, हा नियम मीच केलेला.

मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, बाई आता टॅक्सी बोलावतील. त्यांनी मफलर आणखी एक वेढा वर घेतला, आणि मफलरातून आवाज आला, "मग उभे काय आहात?"

खरवडून खरवडून त्यांच्या बाजूला बशीएवढं भोक पडलं होतं. माझ्या बाजूला तेवढंही नाही. मी खिडकीची काच खाली केली. ती अशी अलगद उतरली की काय सांगू. उणे सव्वीसमध्ये, हां. ग्लिसरीन. मी डोकं बाहेर काढलं आणि निघालो.

वाऱ्यावर उणे सव्वीस म्हणजे काय हे शब्दांत सांगता येत नाही. पहिल्या किलोमीटरला भुवया गेल्या, म्हणजे होत्या, पण माझ्या राहिल्या नाहीत. तिसऱ्या किलोमीटरला कान गेले. डोळ्यांतून पाणी यायचं आणि गालावर थांबायचं. पाचव्याला मला फारसं काही दिसेनासं झालं, आणि तेव्हा इन्केरीबाईंनी पेटीवरून हात उचलला. त्या बशीतून बघत होत्या आणि हातानं मला गाडी दाखवत होत्या. डावा हात बाहेर, म्हणजे डावं वळण. तळहात खाली, म्हणजे हळू. दोन्ही हात वर, म्हणजे पुढं मोकळा रस्ता, सोड. आयुष्यभर मी हात हलवले आणि इतरांनी ऐकलं. त्या दिवशी मी हातांकडे बघून चाललो, आणि खरं सांगतो, इतक्या स्वच्छ खुणा मला स्वतःला कधी जमल्या नाहीत.

आणि तांबडी? नव्यानं बर्फ पडलेल्या चढावर समोरची एक गाडी आडवी होऊन खड्ड्यात गेली होती. तिला ओढायला तौनो ट्रॅक्टर घेऊन उभा. आम्ही त्याच्या बाजूनं सरळ रेषेत वर गेलो. तौनोला दिसलं ते असं: तांबडी गाडी, जांभळी काच, खिडकीतून बाहेर आलेलं माझं पांढरंफटक डोकं आणि शेजारी दोन्ही हात आकाशाकडे उचललेल्या एक बाई. त्यानं टोपी काढली. पुढं म्हणाला, त्याला वाटलं बाई प्रार्थना करताहेत.

तीनला चार मिनिटं कमी असताना मी चर्चच्या आवारात घुसलो. पाय लाकडाचे झाले होते. तसाच पळत सभागृहाचं दार ढकललं. आत लांब टेबल, वाफाळलेले पेले, सगळे रांगेत, आणि सर्वात पुढं पाद्रीबुवा पेला ओठांना लावताहेत.

"पिऊ नका," असं मला म्हणायचं होतं. पण ओठ हलेनात. तोंडातून म्हशीच्या हंबरण्यासारखं काहीतरी निघालं. मग मी धावत जाऊन पाद्रीबुवांच्या हातातला पेला उडवला. तो वृद्ध बायकांच्या बाकावरून गेला आणि भिंतीवर फुटला.

पोरांपैकी कुणीतरी म्हणालं, "परत एकदा."

हिल्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात किटली.

"ती कॉफी होती, इल्पो," ती म्हणाली.

"कॅन," मी कसाबसा म्हणालो. "कॅन."

"झाकण उघडताच वास आला. तुझ्याशिवाय सगळ्या गावाला आला असेल. माझ्या गाडीच्या काच धुवायच्या टाकीत ओतला तो." किटली खाली ठेवून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काच लख्ख झाली हो. कुठून आणलंस?"

मागून इन्केरीबाई आल्या, पेटी सांभाळत. त्यांनी मफलर उलगडला आणि हिल्काला म्हणाल्या, "रस तुम्ही केलात ना? छान झालाय." आणि दोघी मला तिथंच सोडून पाककृतीबद्दल बोलत आत गेल्या.

वेर्ना नावाच्या आमच्या सगळ्यात वयस्कर गायिकेनं माझ्या कानांवर हात ठेवून पाहिले आणि स्वतःची विणलेली टोपी माझ्या डोक्यावर ओढली. हिरवी, वर गोंडा, कानांवरून दोन वेण्या लोंबणारी. "काढायची नाही, मास्तर," ती म्हणाली. "काढलीत तर कान टोपीबरोबर येतील."

चारला कार्यक्रम सुरू झाला. माझी बोटं पहिल्या भजनाच्या दुसऱ्या कडव्यात परत आली. पहिलं कडवं मी आठवणीवर आणि कोपरांवर वाजवलं. पण इन्केरीबाईंनी तोंड उघडलं आणि मी सगळं विसरलो. तो आवाज छताला लागून खाली येताना बर्फासारखा सावकाश यायचा. शेवटच्या ओळीला हिल्का रडत होती. हिल्का आमच्या लग्नातसुद्धा रडली नव्हती. मी टोपीच्या वेण्या सावरत वाजवत होतो, आणि माझी छाती इतकी फुगली होती की कोटाचं वरचं बटण मला सोडावं लागलं. या बाईंना मी आणलं होतं. उणे सव्वीसमध्ये. तांबडीतून.

कार्यक्रम संपल्यावर मी खूप लोकांना गाडीबद्दल सांगितलं. एकाच फटक्यात सुरू झाली, चढावर जराही हलली नाही, खिडकी अलगद उतरली. लोक "हो का, हो का" म्हणत कोट चढवत होते.

गुरुवारी तालुक्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली. इन्केरीबाईंवर सहा ओळी, हिल्काच्या रसावर दोन. माझ्यावर एक: "ऑर्गनवादकाने टोपी घातली होती." गाडीचं नाव नाही. पण बातमीबरोबर एक छायाचित्र आहे, आणि त्यात इन्केरीबाईंच्या खांद्यामागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तर एक तांबडा तुकडा दिसतो. मी ते कात्रण चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलंय, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला भिंग देऊन तो तुकडा दाखवतो.

हिल्का म्हणते, ते आग विझवायचं नळकांडं आहे.