निळ्या फरशीचं प्रजासत्ताक

जगातले बहुतेक देश लढाई करून किंवा करार करून जन्माला आले. आमचा देश टेनिसचा बॉल पडून जन्माला आला. ही घटना नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावर असलेल्या अंगणात, मे महिन्याच्या सुट्टीत, भर दुपारी घडली. बॉल स्विमिंग पूलमध्ये पडला. पूलमध्ये पाणी नसल्यामुळे तो तरंगला नाही, टप्पे खात खोल बाजूला जाऊन थांबला.

पूलमध्ये पाणी का नव्हतं, हे कृपया विचारू नये. तो विषय सर्वसाधारण सभेत प्रलंबित आहे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये पूल होता, पूलमध्ये पाणी होतं आणि पाण्यात गॉगल घातलेली एक बाई होती. ताबा मिळाला तेव्हा फक्त पूल मिळाला. उथळ बाजूला पायऱ्या होत्या. खोल बाजूला शिडी मिळायची होती, त्याऐवजी शिडीची भोकं मिळाली.

बॉल आणायला राजनंदिनी उतरली. राजनंदिनी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. तिचे वडील बाबासो तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहेत, गाव साताऱ्याकडचं, आणि तिची डावखुरी बॉलिंग अशी की भलेभले हेल्मेट मागतात. तिनं तळाशी जाऊन बॉल उचलला, भोवतालची निळी फरशी बघितली, वर आमच्याकडे बघितलं आणि ओरडली, "ए, तुमीच खाली या की! हितं कुणाच्या बापाचं काय चालत न्हाय!"

हेच आमचं स्वातंत्र्याचं घोषणापत्र.

कायदेशीरदृष्ट्या ती बरोबर होती. नोटीस बोर्डावर 'पोडियमवर खेळण्यास सक्त मनाई' असं लिहिलेलं आहे. पूलचा तळ पोडियमच्या खाली येतो. पोडियमखाली खेळायला मनाई नाही. वॉचमनकाकांनी नोटीस दोनदा वाचली, मान हलवली आणि परत खुर्चीवर जाऊन बसले.

संध्याकाळपर्यंत देश तयार झाला. मी, अबोली, नुकतीच नववीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि नागरिकशास्त्र डोक्यात ताजं होतं, म्हणून मी कायदामंत्री. क्षिप्राचा मामा दुबईला असतो, म्हणून ती परराष्ट्रमंत्री. निशांत कुत्र्यांना घाबरत नाही, त्याला संरक्षण दिलं. बॅट केयूरची होती, म्हणून केयूर हंगामी राष्ट्राध्यक्ष. बाकीच्या देशांत ही पद्धत आहे का मला माहीत नाही, पण ज्याची बॅट असते त्याला पहिल्या बॉलवर आउट देत नाहीत, हे तर जगभर मान्य आहे.

राष्ट्रगीताची सोय आपोआप झाली. खालच्या पार्किंगमध्ये कुणी गाडी रिव्हर्स घेतली की ती जी पिपाणीसारखी धून वाजते, ती सुरू होताच सगळे सावधान. सातव्या मजल्यावरच्या काकूंना पार्किंग जमत नाही. त्या घरी आल्या की देशभक्तीला ऊत यायचा.

मग मी खडूनं पूलच्या भिंतीवर राज्यघटना लिहायला घेतली. पहिलं कलम: 'या देशात सगळे सारखे.' टाळ्या पडल्या. त्या रात्री आम्ही सगळे सारखे होतो. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं.

झालं असं की दुपारी क्लबहाउसच्या भिंतीची सावली फक्त खोल बाजूला पडते. नागरिक सगळे सारखे होते, पण सावली सारखी नव्हती. हा दोष घटनेचा नसून सूर्याचा होता, हे मी तेव्हाच स्पष्ट केलं.

"सावलीत कुणी बसायचं याला काहीतरी सिस्टीम पाहिजे," केयूर म्हणाला. "नाहीतर राडा होईल."

"जो आधी येईल तो बसेल की," राजनंदिनी म्हणाली.

"असं नसतं गं. खोल बाजूला जबाबदारी असते. ज्यांचं स्वतःचं घर आहे ना, त्यांना सोसायटीची जास्त काळजी असते. पप्पा मीटिंगमध्ये नेहमी बोलतात."

केयूरचे पप्पा म्हणजे सुभाषकाका, आमचे सेक्रेटरी. त्यांचे या इमारतीत दोन फ्लॅट आहेत. एकात ते राहतात आणि दुसऱ्यात राजनंदिनी राहते.

तर वर्ग पडले. स्वतःच्या घरात राहणारे ते 'खोल'. भाड्यानं राहणारे ते 'उथळ'. मी न्यायप्रिय असल्यामुळे मध्ये एक 'मध्यम' वर्गही ठेवला, ज्यांच्या घराचं लोन चालू आहे त्यांच्यासाठी, कारण ते घर धड त्यांचंही नाही आणि धड बँकेचंही नाही. चौकशी केल्यावर निघालं की लोन सगळ्यांचंच चालू आहे. केयूरचं तर दोन. खोल बाजूची सावली रिकामी पडली आणि अख्खं सरकार पूलच्या मधोमध घामाघूम होऊन बसलं. राष्ट्रहितासाठी मध्यम वर्ग तातडीनं खोल वर्गात विलीन करण्यात आला.

आता उथळ वर्गात कोण उरलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. उथळ वर्गाची एकूण लोकसंख्या: राजनंदिनी.

"मंजी मी एकटी उन्हात?" ती म्हणाली.

"एकटी कशाला?" क्षिप्रा म्हणाली. "आमचं पूर्ण लक्ष आहे तुझ्याकडे."

आणि ते खरंच होतं. आमचं सरकार काही दगडाच्या काळजाचं नव्हतं. 'उथळ कल्याण मंत्रालय' त्याच दिवशी स्थापन झालं. त्यात मंत्री चार, लाभार्थी एक. एवढं प्रमाण जगातल्या कुठल्याच कल्याणकारी राज्याला जमलेलं नाही. चौघेही मंत्री सावलीत बसून उन्हाचा अभ्यास करायचे. आठवड्यातून एकदा आम्ही 'उथळ दिन' साजरा करायचो. त्या दिवशी सगळे खोल नागरिक उथळ बाजूला जायचे, राजनंदिनीच्या आईनं दिलेले धपाटे संपवायचे, तिच्यासोबत फोटो काढायचे आणि भाजायला लागलं की परत यायचे.

"डब्यात माझ्यासाठी एक तरी ठेवायचा व्हता," राजनंदिनी म्हणाली.

"अगं, पण आमी तुझी संस्कृती किती एन्जॉय केली!" निशांत म्हणाला. तोंडात संस्कृती असल्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं.

पुढे सीमेचा प्रश्न आला. जिथे फरशीचा उतार सुरू होतो तिथे खडूनं रेघ मारली. उथळमधून खोलमध्ये यायचं तर व्हिसा पाहिजे. पण बाहेर पडायच्या पायऱ्या होत्या उथळ बाजूला, म्हणून खोलमधून उथळमध्ये जायलाही व्हिसा पाहिजे, कारण कायदा दोन्हीकडून सारखाच असावा लागतो. व्हिसा द्यायला रेघेवर कुणीतरी बसायला हवं होतं. रेघेवर ऊन होतं. खोल वर्गातून एकही अर्ज आला नाही. तेव्हा मंत्रालयानं ऐतिहासिक निर्णय घेऊन ही सरकारी नोकरी उथळ वर्गासाठी राखून ठेवली. त्या क्षणी उथळ वर्गातली बेरोजगारी पूर्ण संपली. केयूरनं भाषण केलं. राजनंदिनीला एक बटाटा कापून शिक्का करून दिला.

"बटाटा माझ्याच घरातला न्हेलाय न्हवं तुमी?" ती म्हणाली.

"सहभागातून विकास," मी म्हणाले.

इथपर्यंत देश छान चालला होता. घोळ निवडणुकीनं झाला. हंगामी राष्ट्राध्यक्षाची मुदत मे महिन्याबरोबर संपत होती. केयूर उभा राहणार हे ठरलेलं होतं. त्याच्या आईनं पोस्टरसाठी प्रिंटरची शाईसुद्धा भरून आणली होती. आणि एका दुपारी व्हिसा अधिकारी रेघेवरून उठली, हात झटकले आणि म्हणाली, "मी बी उभी ऱ्हानार."

"कशाला?" केयूरनं विचारलं.

"पूल मी शोधला. पैली खाली मी उतरली. आनि आता मला माझ्याच देशात उभं ऱ्हायला सावली न्हाय. मी अध्यक्ष झाले की सावली फिरती. आज ह्यो, उद्या त्यो."

सावली फिरती! ऐकायला सोपं वाटतं, पण त्यातून सगळी समाजव्यवस्था घामाला लागली असती. आणखी वाईट म्हणजे ती जिंकणार होती. निशांत माझ्या कानात म्हणाला, "मी तिलाच देणार मत. पण तू कुणाला बोलू नकोस हां, केयूर बॅट देणार नाही." क्षिप्राही हेच म्हणाली. दोघांनीही कुणाला सांगू नकोस असं सांगितलं.

केयूर मला क्लबहाउसच्या मागे घेऊन गेला.

"अबोली, एक पॉइंट आहे. राजनंदिनीच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट संपलंय."

"म्हणजे?"

"अकरा महिन्यांचं असतं ना. या आठवड्यात संपलं. पप्पा देवगडला गेलेत, आंब्याच्या पेट्या आणायला. आले की रिन्यू करतील. तोपर्यंत कागदावर ती इथे राहतच नाही."

आता मी काय सांगू! कायदामंत्र्याच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. मी खडू घेतला आणि भिंतीवर, सगळ्यात वर, माझ्या सर्वात सुवाच्य अक्षरात कलम लिहिलं: 'ज्या व्यक्तीचा भाडेकरार संपलेला आहे व नवीन झालेला नाही, ती व्यक्ती दरम्यानच्या काळात प्रत्यक्ष अस्तित्वात असली तरी ग्राह्य धरली जाणार नाही.'

राजनंदिनीनं ते मोठ्यांदा वाचलं. मग माझ्याकडे वळली.

"मंजी मी हाय का न्हाय?"

"आहेस गं. फक्त कायद्यानं नाहीस."

"आनि काल तुला यॉर्कर टाकला, त्यो कुणी टाकला?"

"तो रद्द धरला जाईल," मी म्हणाले. माझा स्टंप उडाला होता, त्यामुळे मला हे विशेष योग्य वाटलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सगळे खोल नागरिक खोल बाजूला जमले. राजनंदिनी सीमेवर, शिक्का घेऊन, कारण ती ग्राह्य नसली तरी कामावर होती. केयूर बिनविरोध निवडून येणार एवढ्यात भिंतीतल्या पाइपातून गुरगुर आवाज झाला आणि पाणी यायला लागलं. आधी तांबूस, मग भळाभळा. वर पोडियमच्या काठावर टँकरवाला उभा होता. आणि शेजारी साक्षात सुभाषकाका, पहाटेच देवगडहून आलेले, अंगाला आंब्याचा वास. बाराव्या मजल्यावरचा एक फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येणार होतं आणि पूलमध्ये पाणी दिसलं की रेट वाढतो, असं कमिटीचं ठरलं होतं. शहरात पाणीकपात चालू होती, पण गिऱ्हाइकात कपात नव्हती.

खोल बाजू हीच आधी भरते, हे आम्ही वर्गव्यवस्था ठरवताना लक्षात घेतलं नव्हतं. घोट्यापर्यंत पाणी आलं. सगळे पायऱ्यांकडे पळाले आणि रेघेपाशी थांबले.

"व्हिसा दे पटकन!" क्षिप्रा किंचाळली.

"मी देते की," राजनंदिनी म्हणाली, "पण मी तर ग्राह्य न्हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुद्दा बिनतोड होता. अग्राह्य अधिकाऱ्याचा शिक्का ग्राह्य कसा धरायचा? मी वटहुकूम सुचवला. त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही लागते, आणि हंगामी राष्ट्राध्यक्षाची मुदत आदल्या रात्री संपली होती. पाणी गुडघ्याला लागलं. तेवढ्यात पार्किंगमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकूंनी गाडी रिव्हर्स घेतली आणि आम्हाला सावधान उभं राहावं लागलं. काकूंना त्या दिवशी अजिबातच जमत नव्हतं.

"अगं येडे, पायरी हाय ती! चढ की!" राजनंदिनी ओरडली आणि माझ्या दंडाला धरून तिनं मला ओढलं. मग निशांतला, मग क्षिप्राला, शेवटी बॅटसकट केयूरला. देश बुडाला. जीवितहानी नाही. बटाटा गेला.

सुभाषकाका मात्र आमच्याकडे बघतच नव्हते. ते काठावर वाकून भिंत वाचत होते. खालची कलमं पाण्याखाली गेली होती, 'सगळे सारखे' सगळ्यात आधी. वरचं एकच उरलं होतं.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. अंगावरून पाणी निथळत होतं तरी मान ताठ होती.

"वकिलाच्या तोंडात मारेल असं लिहिलंयस!" आणि त्यांनी मोबाइल काढून फोटो घेतला.

पुढच्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा भरली. विषय, पूलच्या वापराचे नियम. माझं कलम सुभाषकाकांनी जसंच्या तसं वाचलं, फक्त 'व्यक्ती'च्या जागी 'भाडेकरू व त्यांचे कुटुंबीय' असं केलं आणि पुढे जोडलं की त्यांना करार संपल्यापासून नवा होईपर्यंत पूल, क्लबहाउस, बाग आणि मोठी लिफ्ट वापरता येणार नाही. आणि नवा करार कधी करायचा ते घरमालक सवडीनं ठरवतील.

भाडेकरूंना सभेत बसता येत नाही, त्यामुळे राजनंदिनी दारात उभी होती. आम्ही मुलं भिंतीपाशी, कारण आम्हालाही मत नसतं.

"कुणाचा विरोध असेल तर हात वर करा," सुभाषकाका म्हणाले.

एक हात वर झाला. दारातून, डावा. तो मोजता येत नव्हता. काकांनी इकडे तिकडे बघितलं, "एकमतानं मंजूर" म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

तुम्ही तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसला होतात. मला सगळं दिसत होतं. तुम्हाला तो ठराव आवडला नव्हता, शेजारच्यांना तुम्ही हळूच तसं म्हणालातही. हातही वर करणार होतात. पण एका हातात समोसा होता आणि दुसऱ्यात चटणी.