नखं दाखवा, हातखर्च घ्या

आमचे घरमालक बाजीनाना दर रविवारी आपल्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलाची नखं तपासतात.

या मुलाचं, म्हणजे राजूभाऊंचं, इथं चिखलीतच स्वतःचं वर्कशॉप आहे, भलीमोठी पांढरी गाडी आहे आणि डोक्यावर टक्कल आहे. धाकटा विकास हिंजवडीत आयटीत आहे, राहतो ताथवड्याला. रविवारी सकाळी हे दोघे हात धुऊन नानांपुढे रांगेत उभे राहतात. नाना फेटा बांधून खुर्चीत. मांडीवर चांदीचं तबक, तबकात वीस-वीसची दोन नाणी. नाना एकेकाचा हात हातात घेणार, उलटा करून नखं बघणार, सुलटा करून तळव्यावर नाणं ठेवणार आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवणार.

"हातखर्च," नाना मला समजावत. "इनामदाराची पोरं असाच घ्यायची. खानदानी रीत हाय."

जमिनी विकून नाना श्रीमंत झाले, पण श्रीमंतीतली एवढी एकच गोष्ट त्यांनी उचलली. फेट्याखाली बनियन जुनंच.

एकदा विकास मला जिन्यात गाठून म्हणाला, "भावा, वीस रुपयांसाठी तीनशेचं पेट्रोल जाळतोय. त्यात मागच्या रविवारी करंगळीचं नख वाढलेलं निघालं, तर नाणं जप्त!"

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. नीट चालणाऱ्या गोष्टीत बोट घालणं हा माझा पगारी धंदा आणि बिनपगारी स्वभाव. तसाच वर गेलो, नानांचा फोन मागून घेतला आणि दर रविवारी सकाळी मुलांच्या खात्यात पैसे परस्पर जमा होतील अशी सोय करून दिली. उत्साहाच्या भरात फोन सायलेंटवरही टाकला, म्हातारपणी कटकट नको म्हणून.

"आपोआप जात्यात?" नानांनी विचारलं.

"एकदम आपोआप."

"इंजिनेर, डोकं हाय तुला!"

त्या दिवशी मला वेलची घातलेला चहा मिळाला.

रविवारी दुपारी बघतो तर नाना फेटा बांधून, तबक मांडीवर घेऊन बसलेले.

"पैसं ग्येलं?"

"गेले की."

"मग पोरं?"

"त्यांना आता यायची गरजच नाही, नाना! तीच तर गंमत आहे."

नानांना गंमत कळली नाही. फेटा संध्याकाळपर्यंत डोक्यावरच होता.

पुढच्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. पैसे मिळाल्याची पोच म्हणून दोन्ही मुलांनी फोनवर एकेक पिवळा अंगठा पाठवला होता. नानांनी त्यातला एक बोटांनी ताणताणून स्क्रीनभर केला होता आणि वर भिंग धरलं होतं.

"ह्यो राजूचा, का विकासचा?"

"सगळ्यांचा सारखाच असतो, नाना."

"नख कुठाय पण?"

मीही भिंगातून पाहिलं. क्वालिटीचा माणूस ना! नख खरंच नव्हतं.

नानांनी भिंग तबकात ठेवलं. "ल्हान हुतो तवा इनामदाराकडं दूध घालायला जायचो. रविवारी त्याची पोरं अशीच रांगेत उभी. एकदा मीबी हात पुढं करून शेवटाला उभा राह्यलो. त्यानं पोरांचं हात धरलं, नखं बघितली, मुठी मिटल्या. माझ्या हाताला शेण लागल्यालं. मला त्यानं वरनंच पावली सोडली. पडली दुधाच्या बादलीत." फेटा सारखा करत म्हणाले, "मिळाली पावली. न्हाई असं न्हाई."

मी तिथंच बसून ती सोय बंद करायला घेतली. घाईत नानांचं विजेचं बिल दोनदा भरलं गेलं, पण अखेर बंद झाली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला. विकास.

"भावा, नानांचे वीस रुपये आले नाहीत! बरे आहेत ना ते? फोनही उचलत नाहीत!"

फोन कसा उचलतील? तो मीच मुका करून ठेवला होता. मी हे सांगेपर्यंत त्यानं फोन ठेवलासुद्धा.

थोड्या वेळानं पांढरी गाडी फाटकाला घासतच आत शिरली. राजूभाऊ वर्कशॉपमधून तसेच निघालेले, कोपरापर्यंत ग्रीस. पाठोपाठ कुणाच्या तरी दुचाकीवर विकास, अर्ध्या चड्डीत. "नाना! ओ नाना!" करत दोघे जिना चढले, मागून मी.

नाना फेटा बांधून खुर्चीत बसले होते. त्यांनी दोघांना खालीवर न्याहाळलं.

"ह्ये काय हात हायत? धुऊन या आधी."

दोघे निमूट मोरीत गेले. परत आले, रांगेत उभे राहिले. नखं तपासून झाली. राजूभाऊंची मूठ मिटली, पण नानांनी आपले हात काही काढले नाहीत. राजूभाऊंनीही मूठ सोडवून घेतली नाही. वीस रुपये द्यायला कुणाला इतका वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. मागे विकास पाळी येईपर्यंत दातांनी करंगळीचं नख कुरतडत होता.

त्याचंही झाल्यावर नानांनी मान वर केली. त्याच्या मागे मी उभा होतो. नखं सकाळीच कापून ठेवली होती.

"तुझं काय हितं?"

मी हात पुढे केला. नानांनी तबकात पाहिलं. तबक रिकामं होतं.

मग त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा करून नखं बघितली, सुलटा केला आणि रिकामीच मूठ दोन्ही हातांनी मिटवली.