अष्टपैलू सोफा

वडिलांनी जुना सोफा, आजोबांची कॉट आणि मुलीचं टेबल एकाच टेंपोत घालून भंगारात धाडलं आणि घरात एकच वस्तू आणली. एरवी सोफा, खटका दाबला की कॉट, ओढला की टेबल. "अष्टपैलू आहे!" ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या जिभेवर इतका बसला होता, की मुलीच्या नोकरीच्या अर्जातही त्यांनी तो परस्पर घुसडला होता.

पाचव्या दिवशी अकरा वाजता मुलीची लॅपटॉपवर मुलाखत होती. दोन वर्षं घरी बसल्यावर आलेली पहिलीच. पावणेअकराला आजोबा कॉटवर आडवे.

"आजोबा, उठा ना! मला टेबल हवंय."

"गुडघा धरलाय माझा. कॉट विकताना मला विचारलं होतं कुणी?"

"मग मी काय जमिनीवर लोळून मुलाखत देऊ?"

"तीन वस्तू होत्या तेव्हा तीन माणसं सुखात होती," आईने स्वयंपाकघरातून भांडं आपटलं. "तेवढंही बघवलं नाही यांना!"

वडिलांचा पारा चढला. "गप्प बसा सगळे! कुणी उठायची गरजच नाही." त्यांनी तावातावाने खटका ओढला. पाठ वर आली, तिच्यासकट आजोबाही बसते झाले, पुढची फळी गर्रकन फिरून त्यांच्या मांडीवर येऊन थांबली आणि तिथेच अडकली. वडिलांनी आणखी जोर लावला, तर खटक्याची मूठच त्यांच्या हातात आली.

"अरे गाढवा, मी आत आहे!" आजोबा ओरडले.

अकरा वाजले. मुलीने लॅपटॉप त्याच फळीवर ठेवला आणि स्टूल ओढून आजोबांना खेटून बसली. पडद्यावर इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसातल्या बाई आल्या.

"नकाशे पाहिले मी तुमचे. इथे अष्टपैलू असं लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?"

मुलीचे कान रागाने तापले होते. "म्हणजे काही नाही, मॅडम. ते वडिलांनी लिहिलंय. मला फक्त नकाशे येतात, पण चोख येतात. अष्टपैलूच बघायचं असेल तर हा सोफा बघा. माझे आजोबा गिळलेत त्याने."

बाई क्षणभर आजोबांकडे पाहत राहिल्या. "कालपासून नऊ अष्टपैलू येऊन गेले. एकालाही साधा जिना काढता आला नाही. सोमवारी रुजू व्हा."

"बघितलंत? शेवटी माझाच सोफा कामी आला!" वडिलांनी तुटकी मूठ नाचवली. "थांबा बाबा, आता मीच दुरुस्त करतो."

"हात लावून तर बघ!" आजोबा कडाडले. "सुताराला बोलव. आणि आधी नीट विचारून घे, त्याला दुसरं काही येत नाही ना."