क्लच दाबला की कुईं

गाडीला काय झालंय ते मी नुसतं ऐकून सांगतो. फुशारकी म्हणा हवं तर, पण आमच्या पोर्ट मेरिवेलमध्ये दोनशे बारा माणसं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांच्या गाड्यांचे आजार मी, क्लाइव्ह पेन्गेलीने, कुंपणाला टेकून उभ्या उभ्या ओळखलेत. "फॅनबेल्ट," मी म्हणतो आणि फॅनबेल्टच निघतो. कधी कधी नाही निघत. त्याची चर्चा आम्ही करत नाही.

त्यामुळे माझ्याच पिकअपच्या क्लचमधून आवाज यायला लागला तेव्हा मी आधी चक्क खूश झालो. घरचाच पेशंट! पेडल दाबलं की कुईं. सोडलं की पुन्हा बारीकसा कुईं. खुराड्यात कोंबडीचं पिल्लू चेंगरावं तसा. मी दोनदा दाबलं, डोळे मिटले आणि नोरीनला सांगितलं, "शनिवारपर्यंत हा आवाज गेलेला असेल."

नोरीन माझी बायको. ती म्हणाली, "कुठला शनिवार, तेवढं सांगून ठेव."

असे पाच शनिवार गेले.

एरवी मी एवढा आटापिटा केला नसता. पण आमच्या टेगनची, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीची, लायसन्सची परीक्षा याच पिकअपवर होती. इथून दीडशे किलोमीटरवर डनरॉयला जनावरांच्या डॉक्टरने तिला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. हा डॉक्टर शेतोशेती हिंडणारा, त्याच्या गाड्याही गिअरच्याच. त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी लायसन्स घेऊन ये. नसेल तर दुसरी मुलगी तयार आहे." आणि आमच्याकडे परीक्षा घ्यायला पोलिसातल्या सार्जंट पेट्राकिस बाई येतात त्या महिन्यातून एकदा, पहिल्या गुरुवारी. त्या आधी गाडी तपासतात. गेल्या वर्षी एकाच्या दरवाजाची कडी सैल निघाली तर त्याला तिथूनच घरी पाठवलं होतं. मग कुईं करणाऱ्या क्लचला त्या काय ओवाळणार होत्या?

टेगन मात्र निर्धास्त. "बाबा, मला तो आवाज कधी आलाच नाही."

"कानात दिवसभर गाणी कोंबल्यावर कसा येईल?"

"चालवताना नसतात गाणी. आईला विचार."

तिला गाडी शिकवली नोरीनने, कारण मी शिकवायला बसलो की आरडाओरडा करतो असं दोघींचं म्हणणं आहे. नोरीननेही तेच सांगितलं, आवाज नाही. मी एकदा मुद्दाम टेगनशेजारी बसून आलो. जेटीपर्यंत गेलो, परत आलो. पोरीने पन्नास वेळा तरी क्लच दाबला असेल, पण हूं की चूं नाही. घरी येऊन मी स्वतः बसलो, दाबला. कुईं!

"बघ," मी म्हणालो, "लबाड आवाज आहे. हलक्या पायाला दाद देत नाही."

मग मी मर्व्हला बोलावलं. गॅरेज त्याचं एकट्याचं, पोट दोघांचं. तो जेमतेम गाडीखाली सरकला आणि मोठा स्क्रूड्रायव्हर एका टोकाने गिअरबॉक्सला, दुसऱ्या टोकाने कानाला लावून पडून राहिला.

"दाब."

मी दाबला. कुईं.

"परत."

कुईं.

"बेअरिंग," मर्व्ह खालून म्हणाला. "क्लचची बेअरिंग गेली. माझा कान कधी चुकत नाही."

मला जरा लागलंच ते. गावात कान माझा समजला जातो. पण बेअरिंग बदलली. दोन दिवस गिअरबॉक्स आमच्या अंगणात पडून होता. सगळं परत बसवलं, मी आत बसलो, पाय ठेवला. कुईं. मर्व्ह चहा पिऊन निघून गेला.

मग शेजारचा डूगल आला. हा मेंढ्यावाला, त्याला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध माहीत, लोकर कातरायच्या मशीनचं तेल. त्याने ते पेडलच्या पिनेवर ओतलं, बुशमध्ये ओतलं, थोडं माझ्या पँटवर ओतलं. "आता दाब," म्हणाला.

दर वेळी दाबायला मीच. गाडी ज्याची तो आत बसतो आणि जाणकार खाली झोपतो, ही आमच्याकडची रीतच आहे. जाणकाराला कुणी आत बसवत नाही आणि मालकाला कुणी खाली झोपवत नाही. या रीतीनेच माझा घात केला, पण ते पुढे येईलच.

बुधवारी जेवताना नोरीन एकदम म्हणाली, "क्लाइव्ह, एक विचारू? रागावू नकोस. तुला ती जायला नकोय, म्हणून तर तू हा आवाज धरून बसला नाहीस?"

मी रागावलो. असा रागावलो की ताट घेऊन व्हरांड्यात जाऊन बसलो. माणूस मुलीच्या परीक्षेसाठी महिनाभर ग्रीसमध्ये लोळतोय आणि वर हे ऐकून घ्यायचं! पण जेवण गेलं नाही, हे खरं.

गुरुवार उजाडला. परीक्षा दहाला. आठला मी पिकअपमध्ये डोकं खाली, पाय वर असा घुसलो आणि पेडलच सोडवायला घेतलं. पिना, वॉशर, स्प्रिंग, एकेक काढून पुसून पायपुसण्यावर ओळीने मांडलं.

साडेनऊला टेगन आली. केस बांधलेले, शर्टाला इस्त्री, पाय अनवाणी. आमच्याकडची पोरं समुद्रकाठी वाढलेली, गाडी अनवाणीच चालवतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तिने पायपुसणं बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, तू क्लच उघडलास?"

"पाच मिनिटं."

"बाबा, आज? माझा हा एकच दिवस आहे!" तिने पायपुसण्याकडे बोट दाखवलं. "मी इथेच राहावं असं वाटत असेल तर तसं तोंडाने सांग ना."

 मी हात भराभर चालवले, पिना ठोकल्या, चिमटे लावले, उरलंसुरलं खिशात टाकलं. दहाला पाच कमी असताना आम्ही फुटबॉल क्लबच्या आवारात पोचलो.

सार्जंट पेट्राकिस वही घेऊन उभ्याच होत्या. उंच, सडसडीत, हसण्याचं खातं बंद असलेल्या बाई. दिवे बघितले, हॉर्न बघितला, टायर बघितले. मग टेगनला म्हणाल्या, "क्लच दाब."

 टेगनने दाबला.

आवाज नाही. परत जोर लावून दाबला. काहीच नाही! अहो, गेला होता आवाज! मर्व्हला जमलं नाही, डूगलला जमलं नाही, ते मी दीड तासात केलं होतं. टेगन खाली पेडलकडे बघून काहीतरी पुटपुटली, पण मी तिला अंगठा दाखवला. त्या दोघी निघाल्या. नोरीन तिच्या नोकरीवर शाळेत, म्हणून मी ही बातमी सांगायला डूगलकडे वळलो. तो बाजाराला न्यायच्या बारा मेंढ्या ट्रकमध्ये घालून तिथेच थांबला होता.

"गेला," मी म्हणालो. "मुळापासून गेला." आणि घाम पुसायला रुमाल काढला.

रुमालाबरोबर स्प्रिंग बाहेर आली.

बोटभर लांबीची. पेडल वर ओढून धरणारी. मी तिच्याकडे बघितलं, डूगलनेही बघितलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच जागा आली, धान्याच्या कोठाराजवळचा चढ. पेट्राकिस बाई प्रत्येकाला त्या चढावर थांबवतात आणि पुन्हा गाडी उचलायला लावतात. खाली दगडी कठडा आणि त्याखाली समुद्र. क्लच अर्धवट अडकला की गाडी मागे जाणार. माझी पोर, सार्जंट बाई आणि तीस वर्षांची पिकअप, सगळे मागे मागे. 

"डूगल, ट्रक काढ."

"मेंढ्या आहेत मागे."

"त्यांनाही येऊ दे!"

आम्ही सुटलो. मेंढ्या मागे ब्यँ ब्यँ करतायत, डूगल हॉर्न दाबून धरतोय, मी खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर लटकून स्प्रिंग हलवतोय. चढ रिकामा दिसला. कठडा शाबूत दिसला. देवा, म्हणजे ती पुढे गेली होती. पण उतारावर काय होईल? वळणापलीकडे पिकअप दिसली आणि नेमका डूगलने वेग कमी केला.

"काय करतोयस?"

"समोरून ब्रायोनीची गाडी आली ना."

आमच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा असतो. न करणाऱ्याच्या घरी कुणी मेलंय असं लोक समजतात. डूगलने ब्रायोनीला बोट उचललं, तिने उचललं. माझी मुलगी मरणाच्या दारात आणि यांचे नमस्कार चाललेत! मी दोन्ही हातांनी पिकअपकडे बघून इशारे केले. आरशात टेगनने मला बघितलं असावं, कारण तिने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. छान, नीट, घरच्या वळणाचं.

"ती नमस्कार करतेय," डूगल म्हणाला.

"दिसतंय मला!"

शेवटी पेट्राकिस बाईंनीच काहीतरी सांगितलं असणार. पिकअपचा सिग्नल लागला, गाडी सावकाश कडेला गेली, थांबली, इंजिन बंद झालं. मी ट्रक थांबायच्या आत उडी मारून धावत गेलो.

बाई खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या. "मिस्टर पेन्गेली, परीक्षेत बाहेरच्या माणसाने अडथळा आणला तर परीक्षा रद्द करता येते. माहीत आहे?"

पलीकडे टेगन सरळ समोर बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि ती ते पडू देत नव्हती. असं ती सहा वर्षांची होती तेव्हा करायची. मला एकदम कळलं की मी काय करून बसलोय. महिनाभर आवाजाचा पिच्छा पुरवला आणि आज पोरीचं वाटोळं केलं.

"सार्जंट, चूक माझी आहे. ही बघा." पिकअप उंच, म्हणून स्प्रिंग आत द्यायला मी चवड्यांवर उभा राहिलो.

कुईं.

"ऐका," मी ओरडलो, "हाच तो आवाज. परत आला!"

बाईंनी खाली बघितलं. मीही आत डोकावलो. इंजिन बंद होतं. टेगनचे दोन्ही अनवाणी पाय चटईवर होते. पेडलपाशी कुणीच नव्हतं.

"खाली उतरा," बाई म्हणाल्या. मी टाचा टेकल्या. बारीकसा कुईं. "आता वर." कुईं.

मागे मेंढ्यासुद्धा गप्प झाल्या.

"डावा बूट," सार्जंट पेट्राकिस म्हणाल्या. "कधी घेतला?"

सहा आठवड्यांपूर्वी. आवाज सुरू झाला त्याच आठवड्यात. शेतातल्या वाळूत तो कधी बोलला नाही, घराच्या दारात मी तो काढून ठेवतो आणि डांबरावर मी चालतोच कुठे? तो फक्त कडक जागी चवड्यावर सावकाश जोर दिला की बोलायचा. म्हणजे क्लचवर, फक्त माझ्या पायात.

बाईंनी वही उघडली. "चढावर मला कळलं की पेडल पूर्ण वर येत नाहीये. मी तिथेच परीक्षा थांबवणार होते. पण ही मुलगी दर वेळी पायाच्या अंगठ्याने पेडल खालून उचलून घेत होती. अनवाणी होती म्हणून जमलं. गाडी एक वीतही मागे गेली नाही." त्यांनी काहीतरी खरडलं. "समोरच्या गाडीला बोट उचललं, त्याचे गुण कापले. तुमच्या गावात ते प्रत्येकाचेच कापावे लागतात. पास."

टेगनने तेव्हा ते पाणी पडू दिलं. मी स्प्रिंग बसवायला खाली वाकलो, त्यामुळे माझं कुणाला दिसलं नाही. बाईंनी अट एकच घातली, बूट काढून बसवायची.

मर्व्हला मी अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतं त्याच्या बेअरिंगचा उशिरा गुण आला. वाटू दे बापड्याला.

सोमवारी सकाळी टेगन निघाली. पिकअप मीच तिला देऊन टाकली, आता क्लच तर या किनाऱ्यावरचा सगळ्यात तपासलेला क्लच आहे. फाटकापाशी मी तिला म्हणालो, "आई म्हणाली ते खरं होतं. मला तू जायला नको होतीस."

"माहितेय, बाबा," ती म्हणाली. "सगळ्या गावाला माहितेय."

पिकअप धुरळा उडवत गेली. वळणावर तिने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं असावं. इतक्या लांबून दिसेना, म्हणून मी फाटकाच्या सिमेंटवर चवड्यांवर उभा राहिलो.

कुईं.

नोरीन माझा हात धरून उभी होती. "दाबू नकोस आता," ती म्हणाली. "गेली ती."